ठिपके आणि रेषा काढणं हे भौतिकशास्त्र आहे का?

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा: "पीएचडीसाठी कॉम्प्लेक्स नेटवर्क आणि अरेषीय गतिकी असा विषय मिळतोय. वर्गातले मित्र म्हणतात, हे कॉम्प्युटरवर ठिपके आणि रेषा काढणं झालं, यात भौतिकशास्त्र कुठे आहे? या विषयातली माणसं नेमकं काय करतात? घेऊ का हा विषय?"

मी वीस वर्षांहून जास्त काळ याच विषयात काम करते आहे, त्यामुळे सविस्तर लिहिते.

तुमच्या मित्रांचं म्हणणं अर्धं खरं आहे. 'नेटवर्क' म्हणजे जाळं: ठिपके म्हणजे त्यातले घटक आणि रेषा म्हणजे त्यांच्यातले दुवे. नुसते ठिपके मोजले, प्रत्येकाला किती रेषा येऊन मिळतात ते मोजलं आणि आलेख काढून थांबलात, तर ती फक्त मोजदाद झाली. प्रत्येक ठिपका एकटा असताना काय करतो, शेजाऱ्याकडून त्याच्यापर्यंत नेमकं काय पोहोचतं आणि त्यामुळे त्याचं वागणं कसं बदलतं, हे विचारायला लागलात की भौतिकशास्त्र सुरू होतं. नकाशा एकच असला तरी वागणं हजार प्रकारचं असू शकतं.

गतिकी म्हणजे एखादी गोष्ट काळाबरोबर कशी बदलत जाते याचा अभ्यास. आता 'अरेषीय' या शब्दाबद्दल. बीएस्सीला लंबकाचं समीकरण सोडवताना आपण साइन थीटाच्या जागी सरळ थीटा (लंबकाचा कोन) लिहितो आणि पुढे जातो. त्या एका ओळीत माझा अख्खा विषय बाजूला ठेवलेला असतो. थीटा लिहिला की दुप्पट धक्क्याला दुप्पट झोका मिळतो आणि आवर्तकाल तोच राहतो. साइन तसाच ठेवला तर मोठ्या झोक्याला वेळ जास्त लागतो, आणि धक्का पुरेसा मोठा असेल तर लंबक वरून पलटी मारून गोल फिरायला लागतो. म्हणजे त्याच लंबकाला आता वागण्याच्या दोन वेगळ्या तऱ्हा आहेत, आणि कोणती मिळणार हे सुरुवातीच्या धक्क्यावर ठरतं. हा साइन लक्षात ठेवा, तो पुढे पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

आता दोन लंबक घ्या. १६६५ सालच्या फेब्रुवारीत ख्रिस्तियान हायगेन्स आजारी पडून अंथरुणावर होता आणि समोर एकाच आधाराला टांगलेल्या त्याच्या दोन घड्याळांकडे बघत होता. दोन्ही लंबक बरोबर एकमेकांच्या उलट हलत होते. त्याने मुद्दाम लय बिघडवली, तर अर्ध्या तासात ते पुन्हा उलट लयीत आले. घड्याळं एकमेकांशी 'बोलत' होती ती त्या आधाराच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या थरथरीतून. दोन ठिपके आणि एक रेषा, बस्स. आणि तरी त्या रेषेतून काय जातं हे कळल्याशिवाय लंबक उलट लयीत का स्थिरावतात ते सांगता येत नाही.

हजारो दोलकांसाठी (लंबकासारख्या, ठरावीक लयीत हलणाऱ्या गोष्टींसाठी) हा प्रश्न सोडवण्याजोग्या रूपात आणला जपानच्या योशिकी कुरामोतो यांनी, १९७५ मध्ये. प्रत्येक दोलकाचा स्वतःचा एक वेग आहे, आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या आणि आपल्या कलेतल्या (फेज, म्हणजे फेरीतल्या त्या क्षणीच्या जागेतल्या) फरकाच्या साइनइतका पुढे ओढला जातो किंवा मागे खेचला जातो. समीकरण एवढंच. जोडणी हळूहळू वाढवत नेली तर बराच वेळ काहीही घडत नाही, जो तो आपल्या वेगाने फिरत राहतो. एक उंबरठा ओलांडला की मात्र मधल्या वेगाच्या दोलकांचा एक गट एकत्र चालायला लागतो आणि मग भोवतीच्यांना ओढून घेतो. पाण्याचा बर्फ होताना जसं अवस्थांतर घडतं त्याच कुळातली ही गोष्ट आहे, म्हणून सांख्यिकीय भौतिकीच्या लोकांना ती लगेच आपली वाटली. उंबरठा किती, हे वेगांमधल्या विखुरलेपणावर ठरतं. वेग लोरेंट्झियन या घंटेसारख्या आलेखाप्रमाणे विखुरलेले असतील तर तो त्या आलेखाच्या अर्ध्या उंचीवरच्या अर्ध-रुंदीच्या बरोबर दुप्पट येतो. हे गणित वहीत दोन पानांत होतं आणि प्रत्येक विद्यार्थ्याने ते एकदा हाताने करावं असं मला मनापासून वाटतं.

याचा मला सर्वांत आवडणारा पुरावा प्रयोगशाळेतला नाही, नाट्यगृहातला आहे. रुमानिया आणि हंगेरीतल्या प्रेक्षागृहांत टाळ्यांचं ध्वनिमुद्रण करून काही भौतिकशास्त्रज्ञांनी २००० साली निष्कर्ष मांडले. तिकडे प्रयोग संपल्यावर आधी नुसता कडकडाट होतो, मग अचानक सगळं प्रेक्षागृह एका ठेक्यात टाळ्या वाजवू लागतं, पुन्हा गोंधळ, पुन्हा ठेका. एका ठेक्यात येताना लोक टाळ्यांचा वेग जवळजवळ निम्मा करतात, असं त्यांना दिसलं. संथ टाळीत माणसामाणसांतला वेगाचा फरक कमी होतो, म्हणून उंबरठा खाली येतो आणि ठेका जमतो. पण संथ टाळ्यांनी आवाज कमी होतो, लोकांना तर दाद जोरात द्यायची असते, ते वेग वाढवतात आणि ठेका मोडतो. आपल्याकडे वारीच्या दिंडीत शंभर टाळ एका लयीत वाजतात, पण ते प्रकरण वेगळं आहे: तिथे मृदंगाचा ठेका सगळ्यांना चालवत असतो. टाळ्यांना असा कुणीच चालवणारा नसतो. आमच्या विषयात या दोन गोष्टी वेगळ्या धरतात, आणि नवे विद्यार्थी त्यांची सर्रास गल्लत करतात.

आता जाळं. कुरामोतोंच्या मूळ गणितात प्रत्येक जण प्रत्येकाशी जोडलेला आहे. प्रत्यक्षात तसं नसतं. १९९८ मध्ये डंकन वॉट्स आणि स्टीव्हन स्ट्रोगॅट्झ यांनी दाखवलं की शेजाऱ्यापाजाऱ्यांशीच जोडलेल्या जाळ्यात मोजके लांबचे दुवे टाकले की कोणत्याही दोन ठिपक्यांमधलं अंतर एकदम घटतं. अशा जाळ्याला 'छोटं जग' म्हणतात. त्यानंतर वर्षभरात बाराबाशी आणि आल्बर्ट यांचं, मोजक्या ठिपक्यांना अतोनात दुवे असणाऱ्या जाळ्यांवरचं काम आलं, आणि मग जिकडेतिकडे जाळी दिसायला लागली. त्या लाटेत खूप चांगलं काम झालं आणि खूप घाईही झाली.

घाई कुठे होते ते सांगते. दुवा कशाला म्हणायचं, हा पहिला प्रश्न आहे आणि त्यावर पुष्कळ काही ठरतं. भारतीय रेल्वेचंच बघा. लगतची दोन स्थानकं रुळांनी जोडली म्हणजे दुवा, असं धरलं तर जाळं जमिनीवर पसरलेल्या नकाशासारखं दिसतं. कोल्हापूरहून गोंदियाला जायला शेकडो टप्पे लागतात. पण एकच गाडी दोन्ही ठिकाणी थांबते म्हणजे दुवा, असं धरलं तर महाराष्ट्र एक्सप्रेसमुळे कोल्हापूर आणि गोंदिया थेट शेजारी होतात. कोलकात्याच्या संशोधकांनी २००३ मध्ये ही दुसरी व्याख्या घेऊन भारतीय रेल्वे छोट्या जगासारखी आहे हे दाखवलं. प्रवाशाला किती वेळा गाडी बदलावी लागेल, या प्रश्नासाठी ती व्याख्या अगदी योग्य आहे. रूळ तुटला तर कोणते भाग एकमेकांपासून तुटतील, या प्रश्नासाठी ती निरुपयोगी आहे. प्रश्न आधी, जाळं नंतर. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी पहिले दोन महिने हेच सांगत असते.

आणि आता त्या साइनकडे परत येऊ. विजेच्या ग्रिडमधली सगळी सिंक्रोनस (ग्रिडच्या लयीत फिरणारी) जनित्रं एकाच वारंवारतेला चालतात, आपल्याकडे ५० हर्ट्झला. दोन ध्रुवांचं जनित्र असेल तर मिनिटाला ३,००० फेरे. हजारो मैलांवरची, टनावारी वजनाची चक्रं एका लयीत फिरतात ती केवळ तारांनी जोडलेली आहेत म्हणून. तारेच्या दोन टोकांच्या कलांमध्ये जो फरक असतो, त्याच्या साइनइतकी वीज त्या तारेतून वाहते. कुरामोतोंच्या समीकरणात चक्राचं जडत्व घातलं की ग्रिडचं समीकरण मिळतं. साइनला कमाल असते, म्हणजे तारेलाही असते. फरक ९० अंशांच्या पुढे गेला की जास्त ओढल्यावर वीज वाढत नाही, उलट कमी होते, आणि जनित्रं लयीतून निसटू लागतात.

३० आणि ३१ जुलै २०१२ ही आमच्या वर्गात दरवर्षी शिकवली जाणारी तारीख आहे. ३० तारखेला पहाटे अडीचच्या सुमारास उत्तर ग्रिड कोसळलं. दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमारास उत्तर, पूर्व आणि ईशान्य अशी तिन्ही ग्रिडं गेली. सुमारे ६० कोटी लोकांचा प्रदेश अंधारात गेला. सुरुवात झाली मध्य प्रदेशातल्या ४०० केव्हीच्या बिना–ग्वाल्हेर तारेपासून. पश्चिमेकडून उत्तरेकडे जाणाऱ्या बऱ्याच वाटा त्या वेळी बंद होत्या, उरलेल्या वाटेवर प्रचंड भार होता. त्या तारेत बिघाड नव्हता. पण प्रवाह जास्त आणि व्होल्टेज कमी असं दिसल्यावर संरक्षक रिलेला (बिघाड दिसला की तार आपोआप तोडणाऱ्या उपकरणाला) ते दूरच्या बिघाडासारखं वाटलं आणि त्याने तार तोडली. मग वीज पूर्वेकडून वळसा घालून जायला लागली, दोन टोकांतला कलाफरक वाढत गेला आणि लय सुटली. पश्चिम ग्रिड, म्हणजे आपला महाराष्ट्रही, वाचलं.

नकाशावर बघितलं तर त्या दिवशी पश्चिम आणि उत्तर जोडलेलेच होते, पूर्वेकडून वाटही होती. 'जोडलेलं आहे का?' या प्रश्नाचं उत्तर शेवटपर्यंत 'होय' असंच होतं. 'लयीत राहील का?' हा प्रश्न वेगळा होता. ठिपके-रेषा आणि भौतिकशास्त्र यांच्यातला फरक विचारलात ना, तो इथे आहे. पुढे ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर या ७६५ केव्हीच्या तारेने दक्षिण ग्रिडही उरलेल्या देशाशी एका लयीत जोडलं गेलं. सोलापूरकडची ही एक तार म्हणजे केवढ्या मोठ्या दोलकसमूहाची गाठ आहे, हे विद्यार्थ्यांना सांगताना मला अजूनही तितकाच आनंद होतो.

मग जास्त तारा टाकल्या की प्रश्न सुटला का? नाही, आणि ही गोष्ट सामान्य समजुतीला धरून नाही. २०१२ मध्येच डिर्क विटहाउट आणि मार्क टिमे यांनी दोलकांच्या जाळ्यात दाखवलं की एक नवा दुवा टाकल्याने चांगली चाललेली लय मोडू शकते. कारण समजायला अवघड नाही. नव्या तारेने एक वेटोळं पूर्ण होतं. वेटोळ्यावरून फिरून मूळ जागी आल्यावर कलाफरकांची बेरीज पूर्ण फेऱ्यांच्या पटीतच यावी लागते. ती अट पाळण्यासाठी प्रवाहांची नव्याने वाटणी होते आणि त्यात आधीच काठोकाठ भरलेल्या एखाद्या तारेवर आणखी भार येतो. रस्त्यांच्या बाबतीत ब्रेस या गणितज्ञाने १९६८ मध्ये असाच विरोधाभास दाखवला होता: नवा रस्ता काढल्याने सगळ्यांचा प्रवास लांबू शकतो.

आता ज्या कल्पनेने माझी स्वतःची कामाची दिशा बदलली तिच्याबद्दल. स्थैर्य तपासायची जुनी रीत अशी: प्रणालीला अगदी हलका धक्का द्या, ती परत येते का बघा. हलका धक्का म्हणजे पुन्हा साइनच्या जागी थीटा. पण ग्रिडला बसणारे धक्के हलके नसतात, एखादं आख्खं केंद्रच बंद पडतं. २०१३ मध्ये जर्मनीतल्या पोट्सडामच्या पेटर मेंक, युर्गन कुर्त्स आणि सहकाऱ्यांनी दुसरा प्रश्न विचारला: यादृच्छिक, मोठ्या धक्क्यांपैकी किती टक्के धक्क्यांनंतर प्रणाली परत येते? एखाद्या खोलगट थाळीत आणि खोल पातेल्यात, दोन्हीकडे गोटी तळाशी स्थिरच असते. पण थाळीतली गोटी थोड्या जोराने बाहेर पडते. तळाचा बाक मोजून हे कळत नाही, भांडं किती मोठं आहे ते बघावं लागतं. आणि रीत किती सोपी! धक्के द्या आणि मोजा. ५०० धक्के दिलेत तर टक्केवारीतली प्रमाणित चूक जास्तीत जास्त सव्वादोन टक्क्यांच्या आत राहते, मग जाळ्यात दहा ठिपके असोत की दहा हजार. गणित सुटत नाही तिथेही ही रीत चालते.

पुढच्याच वर्षी त्याच गटातल्या लोकांनी उत्तर युरोपच्या ग्रिडवर ही रीत लावली. सर्वांत कच्चे ठिपके कोणते निघाले? जिथून एखादी फांदी निघून पुढे कुठेच न जाता संपते, त्या फांदीच्या बुंध्याजवळचे. खर्च वाचवायला अशा फांद्या सर्रास काढतात. मोजक्या तारा टाकून या बंद गल्ल्यांची टोकं जाळ्याला परत जोडली की स्थैर्य बरंच सुधारतं. म्हणजे दुवा वाढवणं कधी घातक आणि कधी औषध, हे दोन्ही खरं आहे, आणि कोणता दुवा हे गतिकी सोडवूनच कळतं. आज हा प्रश्न पूर्वीपेक्षा जास्त निकडीचा आहे. सौर आणि बहुतेक पवनवीज इन्व्हर्टरमधून ग्रिडमध्ये येते, तिच्यामागे लयीत फिरणारं जड चक्र नसतं, त्यामुळे धक्का पचवायला मिळणारा वेळ कमी होतो. यावर काम करणारी माणसं हवी आहेत.

ग्रिडमध्ये मी रमते म्हणून त्यावर इतकं लिहिलं, पण विषय तेवढाच नाही. मॉन्सूनवरही हीच हत्यारं चालतात. दोन ठिकाणी अतिवृष्टी वारंवार एकापाठोपाठ होत असेल तर त्यांच्यात दुवा आहे असं धरून दक्षिण आशियाची जाळी बांधली गेली. पोट्सडामच्याच गटाने २०१६ मध्ये उत्तर पाकिस्तान आणि पूर्व घाट हे दोन प्रदेश निवडून, तिथल्या तापमान आणि आर्द्रतेवरून पूर्व घाटात मॉन्सून कधी येणार याचा अंदाज दोन आठवड्यांहून आधी देता येतो असं मांडलं. इथे मात्र सावध राहा. दोन ठिकाणी एकत्र पाऊस पडतो म्हणजे एकाने दुसऱ्याला हलवलं असं नाही, दोघांना तिसऱ्याच कुणी हलवलं असेल. दिंडीचा मृदंग आठवा.

पुण्याचंही एक उदाहरण देते, कारण बऱ्याच विद्यार्थ्यांना वाटतं हे सगळं परदेशात चालतं. जीआरएस १९१५+१०५ या कृष्णविवराच्या प्रणालीतून येणारे क्ष-किरण सतत कमीजास्त होतात. तो चढउतार निव्वळ गोंगाट आहे की त्यामागे मोजक्या चलांची अरेषीय गतिकी आहे? २००४ मध्ये पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले रणजीव मिश्रा आणि अजित केंभावी, तसंच जी. अंबिका आणि इतर सहकारी यांनी उपग्रहाच्या नोंदींवरून दाखवलं की काही अवस्थांत तो केऑससारखा (नियमाने चालणारा, पण किंचित फरकानेही पुढे पार बदलणारा) वागतो आणि काही अवस्थांत निव्वळ गोंगाटासारखा. जी. अंबिका नंतर पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत होत्या आणि अरेषीय गतिकी व जाळी हाच त्यांचा विषय. एकाच मोजमापाच्या मालिकेतून अख्ख्या प्रणालीबद्दल बोलता येतं, ही गोष्ट पहिल्यांदा कळली तेव्हा मी दोन रात्री नीट झोपले नव्हते.

तुमच्या मित्रांना हवं तर हेही सांगा की २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल जटिल प्रणालींच्या कामासाठीच दिलं गेलं: मानाबे, हासेलमान आणि पारिसी.

विषय घ्यायचा असेल तर दोन खड्डे आधीच दाखवून ठेवते. पहिला: लॉग-लॉग कागदावर ठिपके अंदाजे सरळ रेषेत दिसले म्हणून घातीय नियम (पॉवर लॉ: दुवे जितके जास्त, तितके ठिपके एका ठरावीक घाताने कमी) सापडला असं जाहीर करू नका. २०१९ मध्ये जवळजवळ हजार जाळी कडक संख्याशास्त्रीय कसोटीवर घासली गेली, तेव्हा खऱ्या अर्थाने तो नियम पाळणारी थोडीच निघाली. दुसरा खड्डा कॉम्प्युटरचा, आणि त्यात मी स्वतः पडले आहे. पीएचडीच्या काळात दोन तंतोतंत सारख्या केऑटिक प्रणाली जोडल्या होत्या आणि त्या छान लयीत आल्या. तीन आठवडे मी त्यावर आलेख काढले. मग लक्षात आलं की दोन्हींचे आकडे एकदा शेवटच्या दशांशापर्यंत सारखे झाले की यंत्रातल्या त्या पुन्हा कधीच वेगळ्या होणार नाहीत, मग ती लय प्रत्यक्षात अस्थिर का असेना. अगदी किंचित फरक, एक अब्जांश, एका प्रणालीत घातला आणि लय मोडली. तेव्हापासून तो किंचित फरक घातल्याशिवाय मी कुणाचाही निकाल स्वीकारत नाही. वेळेची पायरी निम्मी करून उत्तर तेच येतं का, हेही दर वेळी बघते.

गणित काय लागेल? विभेदक समीकरणं, संख्याशास्त्र आणि सर्वांत जास्त मॅट्रिक्स. १९९८ मध्ये पेकोरा आणि कॅरोल यांनी एक फार सुंदर गोष्ट केली: सगळे ठिपके सारखे असतील तर संपूर्ण लय टिकेल का या प्रश्नाचे त्यांनी दोन सुटे भाग केले. एका भागात फक्त ठिपक्याची गतिकी आणि जोडणीची तऱ्हा, दुसऱ्यात फक्त जाळ्याच्या मॅट्रिक्सची आयगेनमूल्यं, म्हणजे त्या मॅट्रिक्सचे स्वतःचे खास आकडे. पहिलं काम एकदाच करायचं, मग कोणतंही जाळं आणा. आयगेनमूल्यांशी तुमची मैत्री नसेल तर या सुट्टीत करा.

आणि 'हो' म्हणायच्या आधी एक करून बघा. पायथनमध्ये शंभर दोलकांचं कुरामोतो जाळं लिहा, प्रत्येकाला जडत्व द्या, निम्म्यांना वीज देणारे आणि निम्म्यांना घेणारे करा. लय जमली की एकेका ठिपक्याला ५०० मोठे धक्के देऊन परत येण्याची टक्केवारी काढा. सर्वांत कच्चा ठिपका कोणता आणि तो तसा का, हे कागदावर लिहा. मग एकच दुवा वाढवा आणि सगळं पुन्हा मोजा. आठवडाभराचं काम आहे. दुसरा दुवा कुठे टाकून बघावा, हा विचार तुमच्या डोक्यात आपोआप सुरू झाला तर विषय घ्या.